शिट्टीआधीची पंधरा मिनिटं: चौदा वर्षांखालच्या पोरांचा वॉर्म-अप कसा घेता?

डावा_विंगर (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी आमच्या पेठेतल्या चौदा वर्षांखालच्या पोरांना रोज संध्याकाळी फुटबॉल शिकवतो. नोकरी वेगळी आहे, हे आवडीनं करतो. गेल्या रविवारी जे झालं ते डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय.

सामना दुपारी चारचा. पोरं सव्वातीनलाच मैदानात हजर. साडेतीनला वॉर्म-अप सुरू केला, पावणेचारला सगळी घामेजली होती, गाल लाल, पाय मोकळे. मग उद्घाटन. पाहुण्यांना यायला उशीर झाला. दोन्ही संघ मध्यरेषेवर ओळीत उभे. पाहुणे आले, नारळ फुटला, मान्यवरांची ओळख झाली, प्रत्येक खेळाडूशी हस्तांदोलन, फोटो, मग दोघांची मनोगतं. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पस्तीस मिनिटं पोरं नुसती उभी.

चौथ्या मिनिटाला उजव्या बाजूला लांब पास पडला. आमचा विंगर त्यामागे सुटला. मी टचलाइनवर, त्याच्यापासून पंधरा पावलांवर. पाच-सहा पावलं तो पूर्ण वेगात गेला आणि त्याचा हात आपोआप मांडीच्या मागे गेला. पडला नाही. दोन लंगडते टप्पे घेतले, थांबला आणि माझ्याकडे बघितलं. तेरा वर्षांचं पोर, आपल्याला नेमकं काय झालंय हेच त्याला कळत नव्हतं. नवव्या मिनिटाला दुसरा जांघ धरून खाली बसला.

घरी आल्यावर विचार करत बसलो. उभं राहण्यानं घात केला हे उघड आहे, पण माझ्या वॉर्म-अपचं काय? आमची पद्धत अशी: मैदानाला दोन फेऱ्या, मग गोल करून उभं राहायचं, मांडी, पोटरी, जांघ, कंबर, प्रत्येक ताण तीस आकड्यांपर्यंत धरायचा, मग गोलवर पाच-पाच शॉट. मला माझ्या सरांनी असंच शिकवलं, मी पोरांना तसंच शिकवलं. हे बरोबर आहे का? ज्यांनी यावर अभ्यास केलाय किंवा मैदानावर वेगळं काही करून बघितलंय, त्यांनी मोकळेपणानं लिहावं. चूक असेल तर ती मला समजून घ्यायची आहे, पोरांचे पाय आहेत.

पीटी_सर_२८

विंगर, तुमची कळकळ पोचली. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवतोय. आमच्याकडेही दोन फेऱ्या आणि ताणाचे व्यायाम हाच क्रम आहे, आणि इतक्या वर्षांत स्नायू दुखावल्याच्या तक्रारी हाताच्या बोटांवर मोजता येतील. मला वाटतं दोष पद्धतीचा नाही, त्या पस्तीस मिनिटांचा आहे. ताणाचे व्यायाम बंद करा असं आजकाल सगळीकडे ऐकू येतं, ते मला पटत नाही. अंग आखडलेली मुलं मी रोज बघतो. सहावीतल्या मुलांना गुडघे न वाकवता पायाची बोटं धरता येत नाहीत.

सांधेस्नायू (पुणे, फिजिओथेरपिस्ट)

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. जरा सविस्तर लिहिते.

वॉर्म-अप या शब्दातच उत्तर आहे, पण आपण तो शब्द विधीसारखा वापरतो. विश्रांतीत मांडीच्या स्नायूचं तापमान साधारण ३५-३६ अंश सेल्सिअस असतं. नीट हालचाल केली की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत ते झपाट्यानं चढतं आणि दहा ते वीस मिनिटांत ३८ च्या पुढे जाऊन स्थिरावतं. हे दोन-तीन अंश फार मोलाचे. स्नायू एक अंशानं तापला की उडी, झेप, स्प्रिंट अशा झटक्याच्या कामात सुमारे २ ते ५ टक्के फरक पडतो. स्नायूतली ऊर्जा मोकळी होण्याची रासायनिक क्रिया वेगानं होते, मेंदूकडून येणारा संदेश नसेतून जलद धावतो, रक्तातला प्राणवायू स्नायूला सहज सुटतो आणि स्नायूचा आतला चिकटपणा कमी होतो. थंड तूप आणि पातळ झालेलं तूप, इतका सोपा फरक समजा.

आणि जे तापतं ते निवतंही. हालचाल थांबली की दहा-पंधरा मिनिटांत उतार सुरू होतो. डॅनिश संशोधकांनी २००४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. हाफ टाइमला काही खेळाडू नेहमीसारखे बसून राहिले, काहींनी दुसऱ्या हाफच्या आधी थोडी मिनिटं हलकं धावून घेतलं. बसलेल्यांच्या मांडीचं तापमान जवळजवळ दोन अंशांनी उतरलं आणि स्प्रिंटचा वेग घटला. धावलेल्यांचा वेग टिकला. ही पंधरा मिनिटांच्या मध्यंतराची गोष्ट. तुमची पोरं पस्तीस मिनिटं उभी होती.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हा असतो की वॉर्म-अप कधी *संपला*. किती वेळ केला, हे त्यानंतर.

डावा_विंगर

ताई, तुपाचं उदाहरण उद्या पोरांना सांगणार. कधी संपला हा विचार मी सहा वर्षांत एकदाही केला नव्हता.

पण ताणाचं काय? पीटी सर म्हणतात तसं आमचीही पोरं आखडलेली आहेत.

सांधेस्नायू

ताण वाईट नाही, त्याची जागा चुकते. एकाच स्नायूला उभ्या जागी ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ ताणून धरलं, तर त्यानंतर लगेच त्या स्नायूची ताकद आणि झेप थोडी कमी होते, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. अर्ध्या मिनिटाच्या आतला ताण असेल आणि त्यानंतर पुन्हा धावणं-उड्या असतील, तर नुकसान जवळजवळ नाहीच. तुमचे तीस आकडे तसे फार नाहीत. पण प्रत्येक पायाचे चार-पाच स्नायू, प्रत्येकी तीस आकडे, असं करत पोरं पाच-सात मिनिटं गोलात उभी राहतात ना? दोन फेऱ्यांनी आलेली ऊब तिथेच जाते. खरा तोटा तो.

पीटी सर, तुमच्या मुलांची बोटं टेकत नाहीत, त्यासाठी ताण हवाच. तो खेळ संपल्यावर किंवा घरी, रोज, निवांत घ्या. लवचीकता आठवड्यांनी येते, सामन्याआधीच्या पाच मिनिटांत येत नाही.

सामन्याआधी हलता ताण घ्यावा: चालता चालता लांब पाऊल टाकून गुडघा वाकवणं, एका हातानं आधार घेऊन पाय पुढे-मागे आणि आडवा झुलवणं, गुडघा छातीशी घेत पुढे जाणं. सांधा तेवढाच फिरतो, पण स्नायू कामात राहतो.

लाल_माती

भावा विंगर, मी तालमीतला माणूस, फुटबॉल नुसता बघतो. पण पेठेतली तालीम आणि पेठेतला संघ वेगळे कधी होते? आमच्या कोल्हापुरात संघाच्या नावातच तालीम असते. तर तालमीतलं सांगतो. आखाड्यात उतरल्यावर वस्ताद पहिल्यांदा काय करायला लावायचे? माती उकरायला. फावडं घेऊन अर्धा आखाडा खाली-वर केला की अंगातनं वाफा निघायच्या. मग जोर, मग बैठका, मग खडाखडी. लढत शेवटी. थंड अंगानं डाव टाकायचा नाही, हे आम्हाला कुणी पुस्तकातनं शिकवलं नव्हतं. आणि बसून राहिलं की घोंगडं पांघरायचं, अंगाला वारा लागू द्यायचा नाही. ताई म्हणतात ते निवणं आमच्या वस्तादांना ठाऊक होतं.

पोरांना बैठका शिकव. सपाट्या बैठका नकोत, नीट, टाच जमिनीला धरून.

सांधेस्नायू

लाल माती दादा, तुम्ही जो क्रम सांगितलात तो जगभर आता एका नावाखाली शिकवतात. २००७ मध्ये इयन जेफ्रीज या ब्रिटिश प्रशिक्षकांनी वॉर्म-अपचे टप्पे मांडले आणि त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘रॅम्प’ म्हणतात. आधी अंगाचं तापमान आणि श्वास वाढवायचा, मग लागणारे स्नायू जागे करायचे आणि सांधे मोकळे करायचे, शेवटी खेळातल्या वेगाच्या जवळ जायचं. तुमची माती उकरणं, जोर-बैठका आणि खडाखडी. घोंगडीचं तर मी माझ्या खेळाडूंना सांगणार आहे. बेंचवरच्या मुलांनी जॅकेट किंवा ट्रॅकपँट काढून बसू नये, यामागे तेच कारण आहे.

शेवटच्या टप्प्याबद्दल एक सावधगिरी. मोठे खेळाडू जड वजनाच्या एक-दोन बैठका मारून मग उडी मारतात, उडी थोडी उंच जाते. स्नायूला आधी जोराचं काम दिलं की तो काही मिनिटं जास्त चेतलेला राहतो, हे तत्त्व. चौदा वर्षांच्या मुलांना त्यासाठी वजन नको. चार-पाच ताकदीच्या उड्या आणि तीन छोटे स्प्रिंट पुरतात.

मुलीची_आई_नागपूर

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, मिडफिल्डला खेळते. गेल्या वर्षभरात चार इंच उंच झाली. सध्या तिला गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नडगी सुरू होते तिथे, दुखतं. बोट ठेवलं तरी कळवळते. क्लबमधले सर म्हणतात की वॉर्म-अपमध्ये मांडीचा ताण वाढव, दुखणं जाईल. ती इतकी मनापासून खेळते की दुखतंय हे मला महिनाभर सांगितलंच नाही. काय करावं?

सांधेस्नायू

ताई, आधी तिला अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा फिजिओला प्रत्यक्ष दाखवा, इथे वाचून कुणी निदान करू नये. पण तुम्ही लिहिलेली जागा आणि वय ऑसगुड-श्लॅटर नावाच्या त्रासात नेहमी दिसतं. मुलींची उंची सरासरी बाराव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात वेगानं वाढते, मुलांची चौदाव्या. त्या काळात हाड पुढे पळतं, स्नायू मागे राहतो. मांडीचा पुढचा स्नायू जिथे नडगीच्या हाडाला धरतो तिथे अजून कोवळी कूर्चा असते, तीच ओढली जाते. टाचेतही मुलांना असाच त्रास होतो. तिथे मांडी जोरानं ताणली तर त्याच दुखऱ्या जागेवर ओढ पडते. तपासणी होईपर्यंत जोरदार ताण आणि उड्या थांबवा. चालणं, हलकं धावणं, बॉलवरचं काम न दुखता जमत असेल तेवढंच.

वॉर्म-अपमध्ये आणखी एक गोष्ट मुलींच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे, तुमच्या निमित्तानं सगळ्यांसाठी लिहिते. गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका फुटबॉल खेळणाऱ्या किशोरवयीन मुलींना मुलांपेक्षा दोन-तीन पट जास्त असतो. तो बहुतेकदा कुणी न धडकता तुटतो: उडीवरून खाली येताना, वळताना, गुडघा आत पडतो तेव्हा. फिफाच्या वैद्यकीय केंद्रानं ओस्लो आणि कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाच्या तज्ज्ञांबरोबर ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वॉर्म-अप २००६ मध्ये तयार केला. एकूण १५ व्यायाम, २० मिनिटं: ८ मिनिटं धावणं, १० मिनिटं ताकद-तोल-उड्या, शेवटची २ मिनिटं वेगाचं धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर तो एक मोसम तपासला, २००८ मध्ये निष्कर्ष आले. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या. आणि ज्या संघांनी तो नियमानं केला त्यांनाच जास्त फायदा झाला.

मुलीची_आई_नागपूर

डोळ्यांत पाणी आलं वाचून. आज संध्याकाळची वेळ घेतली डॉक्टरांची. सरांना हा धागा पाठवते.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीत राहतो, मूळचा साताऱ्याचा. मुलगा नऊ वर्षांचा आहे, इथल्या गावातल्या क्लबात खेळतो, मी शनिवारी मदतीला जातो. लहान मुलांसाठी इलेव्हन प्लसचीच वेगळी आवृत्ती आहे, त्यात सातच व्यायाम आहेत. जर्मनी, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताक अशा चार देशांत १३ वर्षांखालच्या ३,८९५ मुलामुलींवर तो तपासला होता, २०१८ मध्ये छापून आलं. दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या.

मला त्यातला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे मुलांना *पडायला* शिकवतात. खांद्यावरून गोल वळून उठायचं. लहान मुलांच्या दुखापती स्नायूपेक्षा पडण्या-आपटण्याच्या जास्त असतात, हात टेकून पडलं की मनगट जातं. इथल्या प्रशिक्षकानं ते शिकवायला घेतलं तेव्हा मला आमच्या शाळेतल्या कोलांटउड्या आठवल्या. दुसरा व्यायाम एका पायावर उड्या मारत पुढे जायचा. माझ्या मुलाला म्हटलं, अरे, ही तर लंगडी! त्याला लंगडीचे नियम सांगितले, आता क्लबातली सगळी मुलं शनिवारी आधी लंगडी खेळतात. लंगडीशिवाय सुरुवातच करत नाहीत.

पीटी_सर_२८

हे वाचून फार बरं वाटलं. लंगडी आमच्या शाळेत अजून आहे, मुलं तीस-तीस सेकंद एका पायावर तोल सांभाळून, वळून, झेपावून गडी बाद करतात. मी तिला कधी फुटबॉलशी जोडून पाहिलं नव्हतं. आता पाहतो. विष-अमृतही घ्या: विष लागलेल्यानं एका पायावर गोठून उभं राहायचं, अमृत मिळेपर्यंत. ऊब आणि तोल एकदम.

माझं मत बदललं असं लगेच म्हणणार नाही, पण सोमवारपासून ताणाचे व्यायाम तासाच्या शेवटी घेऊन बघतो.

पणजीकर_कीपर

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे थंडी नाही, त्यामुळे पोरं म्हणतात ‘आंग गरम आसाच’. पण पावसाळ्यात जर्सी भिजली, वारा सुटला की गोलकीपर सगळ्यात आधी निवतो. दहा-दहा मिनिटं त्याच्याकडे बॉल येत नाही आणि मग एकदम वरच्या कोपऱ्यात झेप. मी स्वतः अठरा वर्षं गोलात उभा राहिलो. खेळ दुसऱ्या टोकाला असला की मी आपल्या बॉक्सच्या रेषेवर बाजूबाजूनं सरकत राहायचो, दर दोन मिनिटांनी एक उडी. बघणाऱ्यांना वाटायचं अस्वस्थ आहे. ती माझी ऊब होती.

आणि बदली खेळाडूंकडे बघा. सगळा धागा अकरा जणांचा चाललाय. पन्नास मिनिटं बेंचवर बसलेल्या पोराला कोच हाक मारतो, ‘चल, उतर’, आणि ते पोर थेट थकलेल्या बचावपटूच्या अंगावर पूर्ण वेगात धावायला जातं.

सांधेस्नायू

कीपर, अगदी नेमकं. बदली खेळाडूंनी दर दहा-बारा मिनिटांनी उठून गोलामागे तीन-चार मिनिटं हलकं धावावं, उतरायच्या आधी दोन स्प्रिंट मारावेत. हाफ टाइमलाही शेवटची तीन-चार मिनिटं सगळ्यांनी.

वाचनमात्र

एक शंका. आमच्या सोसायटीतले काका म्हणतात या वयात बैठका, जोर, उड्या मारल्या की उंची खुंटते. खरं आहे का?

सांधेस्नायू

नाही. नीट शिकवलेला, वयाला साजेसा ताकदीचा व्यायाम उंची खुंटवत नाही. स्प्रिंट आणि उडीत मुलाच्या पायावर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो, आणि ते सगळी मुलं रोज खेळताना करतात. स्वतःच्या वजनाची बैठक त्यापेक्षा सौम्य आहे. धोका असतो तो चुकीच्या पद्धतीत, न झेपणाऱ्या वजनात आणि लक्ष द्यायला कुणी नसण्यात.

डावा_विंगर

मंडळी, उशिरा आलो, पण हात रिकामे नाहीत. तीन आठवडे तुमचं सगळं मैदानावर करून बघितलं. जसं केलं तसं लिहितो.

पहिली चार मिनिटं विष-अमृत किंवा जोडीनं बॉल खेळवत हलकं धावणं. यात बॉल हवाच, नुसत्या फेऱ्यांना पोरं कंटाळतात आणि रांगेत गप्पा मारत चालतात. पुढची चार मिनिटं लांब पावलं, पाय झुलवणं, टाच टेकवून दहा बैठका, आणि एका पायावर उभं राहून समोरच्यानं हातानं टाकलेला बॉल झेलणं. हे शेवटचं दिसायला सोपं आहे. पहिल्या दिवशी अठरापैकी निम्मी पोरं पाचव्या झेलीपर्यंत दुसरा पाय टेकवत होती, त्यात आमचा सगळ्यात चपळ स्ट्रायकरही. मग तीन-चार मिनिटं लंगडी आणि उड्या. उडीला एकच नियम ठेवलाय: पाय टेकताना आवाज आला तर ती उडी धरायची नाही. मी डोळे मिटून उभा राहतो आणि ऐकतो. ‘धप्’ ऐकू आलं की बोट वर करतो. दुसऱ्या आठवड्यात मैदानावर असा शांतपणा होता की पलीकडच्या रस्त्यावरच्या रिक्षा ऐकू येत होत्या. गुडघा आत पडतोय का हे पोरंच एकमेकांचं बघतात. शेवटी दहा ते वीस मीटरच्या चार धावा: पहिली अर्ध्या वेगात, शेवटची पूर्ण, आणि दोन धावांत अचानक वळण.

एकूण चौदा-पंधरा मिनिटं. शॉट मारणं मी आता सगळ्यात शेवटी ठेवलंय. आधी थंड पायानं पोरं जोरात लाथ घालायची आणि जांघ धरायची, हे आता कळतंय.

आणखी एक. मैदानामागच्या भिंतीवर खडूनं उडी मोजली. बोटांना खडू लावायचा, उभ्यानं उडी मारून ठसा उमटवायचा. एक दिवस काहीच न करता, एक दिवस जुन्या पद्धतीनंतर, एक दिवस नव्या पद्धतीनंतर. बहुतेक पोरांचा नव्या पद्धतीनंतरचा ठसा जुन्यापेक्षा बोटभर तरी वर होता. भिंतीवर अजून आहेत ते ठसे, पोरं पुसू देत नाहीत.

सांधेस्नायू

वाचून आनंद झाला. खडूच्या ठशांबद्दल एक: तिसऱ्या दिवशी पोरांना उडीचा सरावही झाला होता, त्यामुळे थोडी वाढ त्याचीही असणार. पुढच्या वेळी निम्म्या पोरांचा क्रम उलटा ठेवा, म्हणजे खात्री होईल. पण ते ठसे पुसू नका, पोरांना स्वतःचा फरक डोळ्यांनी दिसणं हे फार मोठं आहे.

इलेव्हन प्लसमधला मधला, ताकदीचा भाग सरावाच्या दिवशी, आठवड्यातून किमान दोनदा पूर्ण करा. सामन्याच्या दिवशी फक्त धावण्याचे दोन भाग घ्यायचे असतात. हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचा, नॉर्डिक व्यायाम, ज्यात गुडघ्यांवर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे आणि सावकाश पुढे झुकायचं, तो सामन्याआधी मुळीच नको. सरावाला मात्र जरूर. सुरुवातीला तीन ते पाच वेळाच, नाहीतर दोन दिवस मांड्या भरून येतील.

लाल_माती

आणि एप्रिल-मेचं बघ भावा. चारच्या उन्हात पंधरा मिनिटं पळवलंस तर पोरं शिट्टीआधीच संपतील.

सांधेस्नायू

दादा बरोबर सांगताहेत. उन्हात स्नायू लवकर तापतो, म्हणून आठ-दहा मिनिटं पुरतात, तीही सावलीत. फेऱ्या कमी, हलते ताण आणि शेवटच्या धावा तेवढ्याच. मधे पाणी. लहान मुलं उन्हाला मोठ्यांपेक्षा सावकाश सरावतात. डोकं दुखतंय, मळमळतंय असं कुणी म्हटलं की लगेच बाहेर काढून सावलीत न्या, अंगावर पाणी ओता.

मुलीची_आई_नागपूर

कळवायचं राहिलं. डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटरच सांगितलं. सहा आठवडे उड्या बंद, हलका व्यायाम सुरू. घाबरण्यासारखं नाही म्हणाले. सरांनी धागा पूर्ण वाचला आणि फोन करून मला म्हणाले, सगळ्या मुलींच्या उंचीची नोंद दर महिन्याला ठेवणार आहे. कुणाची एकदम वाढायला लागली की तिच्या उड्या कमी करणार.

डावा_विंगर

ताई, हे मीही करणार. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करायची, बस्स.

काल पुन्हा सामना होता. आठवडाभर आधी आयोजकांना भेटून विनंती केली होती की ओळख आणि हस्तांदोलन वॉर्म-अपच्या आधी उरकून घ्यावं. त्यांनी मनावर घेतलं, पण एक पाहुणे ऐनवेळी आले आणि पोरांना पुन्हा ओळीत उभं राहावं लागलं, बारा मिनिटं. या वेळी पोरांना सांगून ठेवलं होतं. ओळीत उभ्या उभ्या सगळ्यांच्या टाचा वर-खाली चालू, कुणी जागच्या जागी हळू पळतंय, अंगात ट्रॅकसूटची वरची बाजू. समोरचा संघ आधी बघत राहिला, मग त्यांच्या कॅप्टननंही सुरू केलं. ओळख संपल्यावर मी पंचांकडे दोन मिनिटं मागितली. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली. दोन्ही संघांनी तीन-तीन धावा मारल्या. चाळीस मिनिटांच्या खेळात कुणाच्याही पायाला काही झालं नाही. एका सामन्यावरून मी काही सिद्ध झालं म्हणत नाही.

तो विंगर अजून बाहेरच आहे. काल हाफ टाइमला पाण्याच्या बाटल्या त्यानंच वाटल्या आणि बेंचवरच्या पोरांना दर दहा मिनिटांनी उठवायचं काम स्वतःहून घेतलं. हातात माझं घड्याळ होतं त्याच्या. आज सकाळी फिजिओच्या परवानगीनं त्यानं पहिल्यांदा वीस मीटर पूर्ण वेगात धाव घेतली. तीन वेळा. तिसऱ्यांदा थांबल्यावर हात मांडीच्या मागे नेला, दाबून बघितलं आणि काढून घेतला.

सांधेस्नायू

छान. पण सामन्यात लगेच उतरवू नका. आधी दोन आठवडे पूर्ण सराव, वळणं आणि लांब पाससकट. एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याची शक्यता जास्त असते. दुखलं नाही म्हणून त्याचे नॉर्डिकही थांबवू नका, मोसम संपेपर्यंत चालू ठेवा.

डावा_विंगर

ठेवतो ताई. मंगळवार आणि शुक्रवार. घोटे मी धरतो.